एस्टोनियात संशोधन करायचं आहे? तार्तूतून लिहितोय, प्रश्न विचारा

तार्तूकर (धागालेखक) :

नमस्कार मंडळी.

परदेशी पीएचडीच्या धाग्यावर जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका यांच्याबद्दल बरीच माहिती जमली आहे. तिथे मी एस्टोनियाचं नाव घेतलं तेव्हा लगेच दोन प्रश्न आले. एक, "तिथे विज्ञानाचं असं काय आहे?" आणि दुसरा, "तिथे म्हणे सगळं ऑनलाइन होतं, खरं का?" दोन्हींची उत्तरं एका प्रतिसादात मावेनात, म्हणून हा वेगळा धागा. मी मूळचा साताऱ्याचा. सध्या तार्तू विद्यापीठात जनुकीय डेटावर काम करतो.

माझं मत आधीच सांगतो. इथली डिजिटल व्यवस्था उत्तम आहे आणि तिचा मला रोज उपयोग होतो. पण संशोधकाने इथे यावं याचं माझ्या लेखी मोठं कारण म्हणजे देश आकाराने लहान असणं. इथे एकट्याने काही होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे दुसऱ्याला विचारणं आणि दुसऱ्याच्या प्रकल्पात हात घालणं हा कामाचाच भाग समजला जातो.

लहान म्हणजे किती? लोकसंख्या १३ लाखांच्या थोडी वर. २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची त्याहून जास्त होती. क्षेत्रफळ ४५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढं. टॅलिन ते तार्तू आगगाडीने दोन-सव्वादोन तास. त्यामुळे सकाळी टॅलिनला बैठक आणि दुपारी तार्तूत प्रयोगशाळेत, हे सहज जमतं. माझ्या विषयातल्या देशभरातल्या बहुतेक माणसांना मी चेहऱ्याने ओळखतो. एखाद्या नोंदवहीबद्दल शंका आली तर ती ठेवणाऱ्या माणसालाच मेल करतो, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत उत्तर येतं.

विज्ञानाचं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटच्या बरंच आधी सुरू होतं. तार्तू विद्यापीठ १६३२ साली स्वीडनच्या राजाने, गुस्ताव्ह अडॉल्फने, स्थापन केलं. १८२४ साली इथल्या वेधशाळेत फ्राउनहोफरने बनवलेली २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण आली. भिंगाची तेवढी मोठी दुर्बीण तेव्हा जगात दुसरी नव्हती. तिच्यावर खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्ह यांनी जोडताऱ्यांचं प्रचंड काम केलं. पुढे १९२२ साली एर्न्स्ट एपिक यांनी देवयानी दीर्घिकेचं (अँड्रोमेडा गॅलेक्सीचं) अंतर काढलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या खूप पलीकडे आहे असं दाखवलं, तेही हबलच्या निष्कर्षाच्या आधी. १९७४ साली यान आइनास्तो आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांभोवती न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे असा शोधनिबंध लिहिला, तो तार्तूजवळच्या तोरावेरे वेधशाळेतून. तेव्हा हा प्रदेश सोव्हिएत संघात होता. बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणं किती अवघड असेल, याचा विचार करून बघा.

संगणकाचंही तसंच. टॅलिनमध्ये सायबरनेटिक्स संस्था १९६० साली निघाली होती. १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा पैसा नव्हता, पण गणित आणि संगणक जाणणारी माणसं तयार होती. २००१ साली एक्स-रोड (सरकारी नोंदवह्यांमधल्या देवाणघेवाणीची यंत्रणा) आणि २००२ साली चिप असलेलं ओळखपत्र आलं ते या पायावर.

आता माझ्या कामाबद्दल. एस्टोनियाची जीनपेढी, म्हणजे बायोबँक, तार्तू विद्यापीठाकडे आहे. आंद्रेस मेत्सपालु यांनी तिचा पाठपुरावा केला आणि त्यासाठी २००१ साली खास कायदा लागू झाला. आज तिच्यात २ लाखांहून जास्त लोकांनी स्वेच्छेने रक्त आणि माहिती दिली आहे. म्हणजे देशातल्या प्रौढांपैकी सुमारे एक पंचमांश. २०१८ साली देशाची शताब्दी होती. त्या निमित्ताने सरकारने पैसे दिले आणि नव्याने सुमारे १ लाख लोक सामील झाले.

आकडा मोठा आहेच, पण संशोधकाला जास्त मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे प्रत्येक रहिवाशाला एकच ओळखक्रमांक असल्याने, परवानगी मिळाली की जनुकीय माहिती इस्पितळांच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, कर्करोगाची नोंदवही, मृत्यूची नोंदवही यांच्याशी जोडता येते. माणसाला दर पाच वर्षांनी बोलावून "या काळात काय आजार झाला?" असं विचारत बसावं लागत नाही. दुसरी म्हणजे सहभागी माणसाशी पुन्हा संपर्क साधता येतो. जन्मतःच कोलेस्टेरॉल वाढवणारा जनुकीय बदल ज्यांच्यात दिसला, त्यांना इथे परत बोलावून तपासलं गेलं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आजाराचं निदान तोवर झालेलंच नव्हतं. मग त्यांच्या नातेवाइकांनाही तपासणीला बोलावलं. संगणकावर दिसलेली गोष्ट एखाद्या घरापर्यंत पोचते, हे पाहायला मिळणं फार समाधानाचं आहे.

पण "डेटा उघडा पडलाय, या आणि घ्या" असं मुळीच नाही. नैतिकता समितीची मंजुरी लागते, संशोधनाचा प्रश्न लिहून द्यावा लागतो, मिळणारी माहिती नाव-क्रमांक काढलेली आणि संकेतांकाखाली असते, आणि व्यक्तिगत पातळीवरचं विश्लेषण विद्यापीठाच्याच सुरक्षित संगणकांवर करायचं असतं. ही मंजुरी मिळायला महिने लागतात. कुणी तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला येऊन या डेटावर पेपर लिहीन म्हणत असेल, तर तसं होणार नाही.

विचारा काय विचारायचं ते. माहीत आहे तेवढं सांगेन.

जाई_पुणे :

दादा, धाग्याबद्दल खूप आभार. मी बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एमएस्सी केलंय, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. घरी "एस्टोनिया" म्हटल्यावर आईने आधी नकाशा उघडला. :) माझे प्रश्न सरळ आहेत. पीएचडीला पगार मिळतो की शिष्यवृत्ती? इंग्रजीवर भागतं का? आणि गेल्या गेल्या काय अडचणी येतात?

तार्तूकर :

जाई, आईंना सांग, फिनलंडच्या खाली समुद्र ओलांडला की टॅलिन. हेलसिंकीहून बोटीने दोन तास.

२०२२च्या सुधारणेनंतर पीएचडीचे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाचे कर्मचारी असतात. पद कनिष्ठ संशोधकाचं. नोकरीचा करार होतो, मालक ३३ टक्के सामाजिक कर भरतो, त्यातून आरोग्यविमा मिळतो, रजा मिळते. शिक्षणशुल्क नाही. नियोजित काळ चार वर्षांचा. जर्मनी-डेन्मार्कच्या मानाने पगार कमी आहे आणि टॅलिनमध्ये घरभाडं जाणवतं, तार्तूत त्या मानाने कमी. संशोधक आणि विद्यार्थी देशाच्या वार्षिक स्थलांतर-मर्यादेत मोजले जात नाहीत. त्यामुळे कोटा संपला म्हणून परवाना अडकला, असं आपल्या बाबतीत होत नाही.

पहिल्या काही आठवड्यांबद्दल मात्र नीट ऐक. इथली सगळी सोय ओळखक्रमांक आणि चिप असलेल्या कार्डावर उभी आहे. ते हातात येईपर्यंत तू त्या व्यवस्थेच्या बाहेर असतेस. राहण्याचा परवाना, पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. त्यात भारतीय पारपत्रावर बँक खातं उघडायला वेळ लागू शकतो. म्हणून निघण्याआधी पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातल्या माणसाचं नाव-क्रमांक मिळव. कार्ड सुरू झालं की पुढचं फार सोपं. करारावर सही, कर विवरण, औषधाची चिठ्ठी, सगळं तिथूनच.

भाषेबद्दल अनघाताई जास्त चांगलं सांगतील. त्या टॅलिनला आहेत.

अनघा_टॅलिन :

हो, सांगते. प्रयोगशाळेत इंग्रजी पुरते. बैठका इंग्रजीत, लेखन इंग्रजीत. पण मुलांची बालवाडी, सोसायटीची सभा, दवाखान्यातलं स्वागतकक्ष, शेजारच्या आजी, इथे एस्टोनियन लागते. नामाला १४ विभक्त्या आहेत म्हणून घाबरू नका. आपण मराठीभाषक विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूप लहानपणापासून वापरतो, त्यामुळे "शब्दाचं रूप बदलतं" ही कल्पना आपल्याला परकी नाही. विद्यापीठं वर्ग घेतात. पहिल्याच वर्षी बसा. कायम राहायचं असेल तर पुढे एस्टोनियनची बी-१ (मध्यम) पातळीची परीक्षा द्यावी लागते, आणि पाच वर्षांनी ती आठवण्यापेक्षा आधीपासून तयारी बरी.

एक गोष्ट मला इथे फार भावते. १९१९च्या डिसेंबरात तार्तू विद्यापीठ एस्टोनियन भाषेत शिकवायला लागलं. त्याआधी तिथे आधी जर्मन आणि मग रशियन होती. दहा लाखांच्या आसपास बोलणारे असलेली भाषा, आणि तिच्यात पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा सगळं शिकवलं जातं. आजही इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाला एस्टोनियन सारांश जोडावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका तमिळ मुलीचा प्रबंध झाला तेव्हा तिच्या अख्ख्या गटाने दोन संध्याकाळी बसून तिचा सारांश तपासला होता. आपल्या विद्यापीठांत इंग्रजी प्रबंधाला दोन पानांचा मराठी सारांश सक्तीचा केला तर काय बिघडेल, असं मला मनापासून वाटतं.

हिंगणघाटकर :

धागालेखकांनी स्ट्रूव्ह यांचं नाव घेतलं म्हणून लिहितो. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक.

स्ट्रूव्ह यांचं सर्वांत मोठं काम जमिनीवरचं होतं. उत्तर नॉर्वेत हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत पृथ्वीचा आकार काढण्यासाठी २,८२० किलोमीटर लांबीची त्रिकोणांची साखळी, १८१६ ते १८५५ या काळात मोजलेली. आज ती दहा देशांतून जाते, आणि २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. तार्तूची जुनी वेधशाळा त्या वारशातलं एक ठिकाण आहे.

त्याच काळात आपल्याकडे ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासेजवळून सुरुवात करून दक्षिणोत्तर कमान, म्हणजे तशीच जमिनीवरची लांबलचक रेषा, मोजत आणली. १८२३ साली काम चालू असतानाच ते आमच्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर आजही इथे आहे. मी शाळेतल्या मुलांना तिथे नेत असे. पुढचं काम एव्हरेस्ट यांनी हिमालयापर्यंत नेलं.

या दोन कमानींचा एकमेकींशी खरा संबंध आहे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाची जमिनीवरची लांबी विषुववृत्ताजवळ थोडी कमी आणि ध्रुवाकडे थोडी जास्त भरते. एकच कमान कितीही काळजीने मोजली तरी हे कळत नाही. एक उत्तरेकडची आणि एक दक्षिणेकडची लागते. भारताची मोजमापं आणि स्ट्रूव्ह यांची मोजमापं शेजारी ठेवली, तेव्हा पृथ्वीच्या आकाराचे आकडे पक्के होत गेले. सहकार्य म्हणता ना, ते हे. दोघांनी आपापला भाग प्रामाणिकपणे मोजला आणि छापून सगळ्यांसमोर ठेवला.

तार्तूकर :

सर, हे वाचून फार आनंद झाला. त्या वेधशाळेवरून मी रोज जातो आणि हिंगणघाटशी असलेला हा संबंध मला माहीत नव्हता. तिथे आता संग्रहालय आहे, ती दुर्बीणही ठेवलेली आहे. पुढच्या वेळी कुणी पाहुणे आले की लॅम्बटन यांचीही गोष्ट सांगेन.

विचक्षण :

माहिती छान, पण काही शंका स्पष्ट मांडतो.

१. १३ लाखांच्या देशात सगळे सगळ्यांना ओळखतात. मग अनुदानाच्या अर्जाचं मूल्यमापन कोण करतं? आपलाच माणूस आपल्याच माणसाला मार्क देणार.
२. सगळी माहिती एका क्रमांकाला जोडलेली म्हणजे एक कुलूप फुटलं की घर मोकळं. आपल्याकडे आधारवर एवढी चर्चा झाली, मग एस्टोनियाचं कौतुक का?
३. रशियाच्या सीमेला लागून आहे. २०२२ नंतर तिथे जाणं कितपत शहाणपणाचं?

तार्तूकर :

तीनही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं मी देतो, दुसऱ्याचं उत्तर शून्यज्ञान यांनी द्यावं, त्यांचा तो विषयच आहे.

ओळखीच्या अडचणीवर इथला उपाय म्हणजे परदेशी तज्ज्ञ. राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे केलेले अर्ज इंग्रजीत असतात आणि अभिप्राय देशाबाहेरून मागवले जातात. त्यामुळे ओळखीचा प्रश्न बराच सुटतो. सुटत नाही तो पैशाचा. इथलं बहुतेक संशोधन चार-पाच वर्षांच्या प्रकल्प-अनुदानांवर चालतं आणि अर्जांतल्या थोड्यांनाच ती मिळतात. मोठ्या देशात एका गटाचं अनुदान गेलं तर शेजारच्या गटात जागा शोधता येते. इथे त्या विषयाचा शेजारचा गट नसतोच. चांगली चाललेली प्रयोगशाळा एका नकारानंतर वर्षभरात अर्धी रिकामी झालेली मी जवळून पाहिली आहे. तिथल्या दोघांना देश सोडावा लागला. लहान देशातल्या संशोधनाची ही सर्वांत दुखरी बाजू आहे आणि येणाऱ्याने ती माहीत करून घेऊनच यावं. २०१८ साली राजकीय पक्षांनी सार्वजनिक संशोधन-खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १ टक्क्यावर नेण्याचा करार केला, त्यासाठी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं आवाज उठवावा लागला होता.

सीमेबद्दल. देश २००४पासून नाटो आणि युरोपीय संघ दोन्हींत आहे. रोजचं आयुष्य शांत आहे. चिंता लोकांच्या मनात आहे आणि ते ती लपवत नाहीत. युक्रेनहून आलेले संशोधक आमच्या इमारतीत काम करतात. व्यवस्थेच्या बाजूने पाहिलं तर महत्त्वाच्या सरकारी नोंदवह्यांच्या प्रती लक्झेंबर्गमधल्या "डेटा दूतावासात" ठेवल्या आहेत, म्हणजे इथली यंत्रणा बंद पडली तरी राज्याच्या नोंदी शिल्लक राहतील. घरच्यांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, मी कुणाला "काही होत नाही हो" असं सांगणार नाही.

शून्यज्ञान :

टॅलिनमध्ये क्रिप्टोग्राफीवर, म्हणजे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्रावर, काम करतो. विचक्षण यांचा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

सगळी माहिती एका जागी साठवलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. आरोग्याची नोंद आरोग्य यंत्रणेकडे, कराची कर खात्याकडे, वाहनाची वाहन खात्याकडे. एक्स-रोड ही त्यांच्यातली देवाणघेवाण. तिला पोचपावतीसह पाठवलेलं रजिस्टर टपाल समजा : कुणी, कुणाला, कधी, काय मागितलं यावर दोन्हीकडची सही आणि शिक्का राहतो. याशिवाय बऱ्याच नोंदवह्यांबाबत नागरिकाला सरकारी संकेतस्थळावर स्वतःची माहिती कुणी पाहिली ते दिसतं. कारण नसताना शेजाऱ्याची नोंद उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यामुळे जाब विचारता येतो.

आधारशी तुलना करताना दोन्हींचा हेतू वेगळा होता हे विसरू नये. पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा तिथला प्रश्न होता, आणि तो १०० कोटींहून जास्त माणसांचा. एस्टोनियाचं कार्ड प्रामुख्याने सही करण्यासाठी आहे. सहीची गुप्त डिजिटल किल्ली चिपमध्ये, पिन माणसाच्या डोक्यात, आणि डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकंच कायदेशीर मोल. आधारधारकालाही स्वतःच्या प्रमाणीकरणाचा इतिहास संकेतस्थळावर पाहता येतो, पण किती जण पाहतात?

कुलूप फुटत नाही असंही नाही. २०१७ साली झेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना कार्डातल्या चिपमध्ये किल्ली तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला. सुमारे साडेसात लाख कार्डं त्यात येत होती. सरकारने सप्टेंबरमध्ये ते जाहीर केलं, दुरुस्ती तयार केली, आणि नोव्हेंबरमध्ये कार्डांवरची जुनी डिजिटल प्रमाणपत्रं थांबवून लोकांना घरबसल्या कार्ड अद्ययावत करू दिलं. २०२१ साली एकाने सरकारी यंत्रणेतून २,८६,००० ओळखपत्र-छायाचित्रं उतरवून घेतली, त्याला पकडण्यात आलं. हे सगळं उघडपणे छापून आलं. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हीच प्रकरणं शिकवतो. दुसऱ्या देशातल्या संशोधकांनी दोष दाखवला आणि या देशाने तो ऐकला, हे माझ्या मते संशोधन-सहकार्याचं चांगलं उदाहरण आहे.

आणखी एक, कारण ते माझ्या आवडीचं काम आहे. इथे प्रश्न पडला होता की संगणकशास्त्राचे विद्यार्थी नोकरीमुळे वेळेत पदवी पूर्ण करत नाहीत का? उत्तरासाठी कर खात्याच्या नोंदी आणि शिक्षणाच्या नोंदी जोडायला हव्यात, पण कर-नोंदी गोपनीय. २०१५ साली सायबरनेटिका कंपनीच्या संशोधकांनी "शेअरमाइंड" ही आपली प्रणाली वापरून ते केलं. माहितीचे असे तुकडे करायचे की एका तुकड्यावरून काहीच कळू नये, ते वेगवेगळ्या संस्थांच्या संगणकांवर ठेवायचे, आणि मूळ आकडे कुठेही न उघडता गणित करायचं. सुमारे १ कोटी कर-नोंदी होत्या. नोकरीमुळे पदवी रखडते या समजाला त्या आकड्यांत आधार मिळाला नाही. गणितातली एक सुंदर कल्पना थेट सरकारी नोंदींवर चालवून पाहायची संधी मिळणं, यासाठी मी या देशाचा ऋणी आहे.

डॉ_सांगलीकर :

सर्वांचे आभार, धागा संग्रही ठेवला. मी फिजिशियन आहे. माझा प्रश्न असा की तिथल्या बायोबँकेवरून काढलेले आजाराच्या धोक्याचे जनुकीय गुणांक आपल्या रुग्णांना लागू पडतात का? माझ्याकडे चाळिशीच्या आत मधुमेह आणि हृदयविकार घेऊन आलेली माणसं रोज असतात. युरोपीय माणसांच्या आकड्यांवरून त्यांना काही सांगणं मला धोक्याचं वाटतं.

तार्तूकर :

डॉक्टर, तुमची शंका अगदी बरोबर आहे. ते गुणांक जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जनुकीय खुणा आणि आजाराला कारण असलेला बदल यांची जवळीक प्रत्येक लोकसमूहात वेगळी असते, त्यामुळे युरोपीय डेटावर बसवलेला गुणांक भारतीयांत कमी अचूक ठरतो. एस्टोनियन आकडे दाखवून पुण्या-मुंबईत कुणी चाचणी विकत असेल तर त्याला हाच प्रश्न विचारायला हवा.

इथून नेण्यासारखी आहे ती पद्धत. संमती कशी घ्यावी, नोंदी कशा जोडाव्यात, सहभागी माणसाला निष्कर्ष कसे सांगावेत. आपल्याकडे जीनोम-इंडिया प्रकल्पात १०,००० लोकांच्या जनुकसंचाचं वाचन झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना खुला झाला. त्यावर काम करणाऱ्या माणसांना इथे येऊन शिकता येईल, आणि इथल्यांनाही आपल्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. एवढी जनुकीय विविधता त्यांनी कधी हाताळलेली नाही. तुमच्यासारख्या डॉक्टरांच्या नोंदी नीट जोडल्या गेल्या तरच याला अर्थ येईल, हेही तितकंच खरं.

मृद्गंध_दापोली :

जनुकं आणि संगणक सोडून काही? मी मृदाशास्त्रात आहे.

तार्तूकर :

आहे ना. देशाच्या जमिनीचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग दलदलीच्या पीट-मातीचा आहे. ती वाळवली की कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतात, पाण्याखाली ठेवली की मिथेनचा हिशेब करावा लागतो. तार्तूच्या भूगोल विभागात पाणथळ जागांतल्या वायूंवर अनेक वर्षांचं काम आहे, आणि यार्वसेल्याच्या जंगलात जंगल-वातावरण देवाणघेवाण मोजणारं केंद्र आहे, ते फिनलंडच्या केंद्रांच्या धर्तीवरचं. भातखाचरातल्या मिथेनवर काम करणाऱ्याला इथली मोजणीची साधनं ओळखीची वाटतील. आपल्या खाजण जमिनींबद्दल इथे कुणाला सांगितलं की लोक खुर्ची ओढून बसतात.

खगोलाचंही सांगायचं राहिलं. दीर्घिकांच्या महासमूहांवर इथे जुना अभ्यास आहे, आणि २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी "सरस्वती" महासमूह शोधला, तो त्याच विषयातला. पुण्यातल्या कुणाला रस असेल तर तोरावेरेचं पान जरूर बघा.

मोठी उपकरणं या देशाकडे नाहीत, ती तो भागीदारीतून मिळवतो. २०१५ साली युरोपीय अवकाश संस्थेचा सदस्य, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचा पूर्ण सदस्य. लुमी हा महासंगणक उभा आहे फिनलंडमध्ये, पण भागीदार म्हणून आम्हाला तार्तूतून त्याचा वेळ मिळतो. विद्यार्थ्यांनी बनवलेला पहिला उपग्रह, एस्टक्यूब-१, मे २०१३ मध्ये सोडला. सौरवाऱ्यावर चालणाऱ्या विद्युत-शिडाची कल्पना फिनलंडच्या शास्त्रज्ञाची, उपग्रह तार्तूचा. त्या शिडासाठीची बारीक तार अवकाशात उलगडली नाही, पण त्यातून तयार झालेली मुलं आज इथल्या अवकाश कंपन्यांत आणि विद्यापीठांत आहेत.

जाई_पुणे :

दादा, शेवटचा प्रश्न. प्राध्यापकांना मेल कसा लिहायचा? मी जर्मनीत बऱ्याच जणांना लिहिलं, उत्तरं आली नाहीत.

तार्तूकर :

आधी एटिस उघड. ही एस्टोनियाची संशोधन-माहिती प्रणाली. देशातल्या प्रत्येक संशोधकाचे प्रकल्प, प्रकाशनं, कोणत्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन केलं, सगळं तिथे उघडं आहे, इंग्रजीतही. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचं चालू अनुदान कोणत्या वर्षी संपतं ते बघ. तुझी चार वर्षं आणि त्यांचं अनुदान यांचा मेळ बसत नसेल तर पहिल्याच बोलण्यात तो विषय काढ. इथे असा प्रश्न विचारलेला कुणाला उद्धट वाटत नाही.

मग त्यांचा अलीकडचा एक पेपर पूर्ण वाच आणि त्यांचा कोड उपलब्ध असेल तर चालवून बघ. तार्तूच्या गटाचं जी-प्रोफायलर (जनुकांच्या याद्यांचं विश्लेषण करणारं साधन) तू कदाचित आधीच वापरत असशील. मेलमध्ये दहा-बारा ओळी पुरेत : तू काय केलंस, त्यांच्या कामातला कोणता भाग तुला पुढे न्यावासा वाटतो, आणि कधीपासून येऊ शकतेस. "रिस्पेक्टेड सर"ची गरज नाही, इथे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. पहिल्या महिन्यात जीभ अडखळते, मग सवय होते.

आणि जे पीएचडी संपवून पोस्टडॉक शोधताहेत त्यांच्यासाठी : युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपला भारतीय अर्ज करू शकतात. मागच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात जायचंय तिथे १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. एस्टोनियासारख्या देशांसाठी अर्ज केला तर आणखी एक दार आहे. मेरी क्युरीत उत्तीर्ण होऊनही पैशाअभावी राहिलेले अर्ज युरोपीय संघाच्याच ईआरए फेलोशिपसाठी विचारात घेतले जातात, फक्त अर्ज भरताना तो पर्याय निवडायला हवा. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

जाई_पुणे :

एटिस पाहिलं! मला आवडलेल्या दोन गटांपैकी एकाचं अनुदान पुढच्याच वर्षी संपतंय, दुसऱ्याचं बरंच पुढे आहे. दुसऱ्या गटाचा कोड कालपासून चालवतेय, एका ठिकाणी अडकले आहे. त्याबद्दलच मेलमध्ये विचारलं तर चालेल का?

तार्तूकर :

चालेल काय, त्याहून चांगली सुरुवात नाही. कुठे अडकलीस ते नेमकं लिही, कोणती आवृत्ती वापरलीस तेही दे. मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, रविवारी संध्याकाळी बघून परत पाठवतो. डिसेंबरच्या सुट्ट्यांआधी गेला तर उत्तर लवकर येईल.